मोंगल साहेबांची उभी पोथी

आयुष्यात मी एकच गोष्ट हमखास सरळ केली, ती म्हणजे रेघ. संसारात, नोकरीत, मुलांच्या लग्नांत जी काही वेडीवाकडी वळणं यायची ती आली. पण कोऱ्या कागदावर पट्टी न लावता या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायला सांगा, आज सत्तरीतही हात हलणार नाही. दिवाळीच्या अंकासाठी 'आपल्या धंद्याविषयी चार शब्द लिहा' असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा घरात हशा पिकला. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं पुन्हा लिहिलं, स्वतःचं म्हणून पत्राखेरीज काही लिहिलं नाही. त्यामुळे काही चुकलं तर सवय नाही म्हणून सोडून द्यावं.

मी ठाण्याला तलावाच्या काठी एका शिळाछापखान्यात लेखक होतो. लेखक म्हणजे ग्रंथकार नव्हे. आता जिथे तिथे शिशाचे खिळे जुळवून छापतात, म्हणून नव्या मंडळींना थोडं सांगायला हवं. आमच्याकडे मजकूर आधी लेखकाने हाताने लिहायचा, तोही खळ लावलेल्या पिवळ्या कागदावर, चरबी, मेण आणि साबण घातलेल्या काळ्या शाईने. तो कागद जर्मनीहून आलेल्या गुळगुळीत शिळेवर पालथा घालून दाबला की अक्षरं शिळेवर उलटी उमटत. मग शिळा पाण्याने ओली करायची आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या दगडाला शाई धरत नाही, चरबीच्या अक्षरांना धरते. वर कागद ठेवून दाब दिला की झालं छापून. काम आटोपलं की वाळू घालून शिळा घासायची, की ती पुन्हा कोरी. एकाच शिळेवर सकाळी सत्यनारायणाची कथा आणि दुपारी तमाशाची जाहिरात मी स्वतः उतरवलेली आहे. घरात मात्र त्या शाईत चरबी असते हे मी बरीच वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. आंघोळ करूनच जेवायला बसत असे, म्हणून लोक मला फार सोवळ्यातला समजत.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. टिटवाळ्याचे एक गृहस्थ लग्नपत्रिका घेऊन आले आणि 'मुलीकडच्यांची नावं जरा बारीक काढा' म्हणाले. साखरपुड्यात मानपानावरून काही बिनसलं असावं, कारण आठ दिवसांनी परत येऊन 'आणखी बारीक' म्हणाले. कल्याणच्या एका वैद्यबुवांना चूर्णाच्या पुडीवर औषधांची नावं छापायची होती, पण कुणाला वाचता येता कामा नयेत. हे काम मला फारच छान जमलं.

कारण मी मूळचा मोडीचा माणूस. माझे वडील आणि आजोबा दोघेही कचेरीत मोडी लिहिण्यात हयात घालवलेले. मोडी लिहिण्याची रीत अशी की आधी पानभर रेघा ओढून घ्यायच्या आणि मग कलम शक्यतो न उचलता रेघेखाली अक्षरं टांगत जायचं. शब्द कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ओळखायचं. जो दर शब्दाला रेघ तोडील त्याला माझे वडील 'धापा टाकणारा लेखक' म्हणत. ते माझ्या डोक्यात इतकं भिनलं होतं की तुटकी रेघ दिसली की मला चैन पडत नसे. माझी जन्माची फजिती झाली ती या चांगल्या सवयीपायीच.

एके दिवशी आमच्या छापखान्यात मोंगल साहेब आले. त्यांचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते इंग्रज नव्हते. उत्तरेच्या कुठल्याशा थंड समुद्राकाठचे, एवढंच आम्हाला कळलं. मुंबईच्या एका शाळेत मास्तरकी करून निवृत्त झाले आणि खाडीकाठच्या एका बैठ्या बंगलीत राहायला आले होते. मराठी ते जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांतून शिकलेले. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "लेखक महाशय, आपण कृपा करून आसनस्थ व्हावे." छापखान्यात मी आधीपासून बसलेलाच होतो, म्हणून आणखी बसण्यासारखा हावभाव केला.

त्यांनी बासन सोडलं. आत पोथीसारखी पानं होती आणि त्यांवर वरून खाली, उभ्या ओळी. दाब देण्याच्या यंत्रावर आमचा इनास होता. राबोडीच्या बाजूचा ख्रिस्ती, दंडाने भीम आणि जिभेने नारद. त्याने मान वाकडी करून पाहिलं.

"मास्तर, ही अक्षरं काय पागोल्या गलल्यासारखी! उबी धरायची का आडवी?"

"उभीच," साहेब म्हणाले. "ही मोंगलांची लिपी आहे."

मोगल म्हटल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपल्या डोळ्यांपुढे लगेच औरंगजेब येतो. साहेबांनी समजावून सांगितलं की दिल्लीच्या बादशहांनी त्या मूळ पूर्वजांची भाषा केव्हाच टाकली, ते तुर्की आणि फारसीत वाढले. मूळ मोंगल चीनच्या पलीकडे माळावर घोडे राखतात. त्यांची बोली, बैकल सरोवराकडच्या बुर्यातांची बोली, व्होल्गा नदीकाठच्या काल्मिकांची बोली ही सगळी एका आईची लेकरं. आपली मराठी, कोकणी, गुजराती यांचं जसं नातं आहे तसं त्यांचं. साहेबांनी तरुणपणी दोन हिवाळे बुर्यातांच्या तंबूत काढले होते. तिथल्या एका लामांनी त्यांना लिपी शिकवली आणि स्वतःच्या हाताने गोष्टी लिहून दिल्या. साहेबांच्या पुस्तकात पुढे शब्दांचे तक्ते होते आणि शेवटी लामांनी लिहिलेल्या गोष्टींची सोळा पानं.

"माझे डोळे चालले आहेत, विष्णुपंत," ते म्हणाले. "काचबिंदू. हे पुस्तक पाहीन आणि मग ते गेले तरी चालतील."

मी पान आडवं करून पाहिलं आणि मला भरतंच आलं. वरचा माथा डावीकडे नेला की उभा दांडा आडवी रेघ होत होता आणि सगळे दाते, फाटे, शेपट्या तिच्याखाली टांगलेल्या. ही तर आपली मोडी! म्हणजे वाचता काही येत नव्हतं, पण हाताला ओळख पटली. ओळी खालून वर मोजायच्या एवढाच फरक. मी साहेबांना सांगितलं, हे काम ठाणे जिल्ह्यात माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. ते खरंही होतं, कारण दुसऱ्या कुणी ते हातात धरलंच नसतं.

तक्ते झकास झाले. तिथे प्रत्येक चौकटीत एकेकच शब्द. साहेब भर दुपारच्या उन्हात भिंग लावून अर्धा अर्धा तास एकेक छापील पान पाहत. एकही चूक निघाली नाही. "आपला हात म्हणजे यंत्र आहे," असं ते म्हणाले तेव्हा मी घरी जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेलो.

मग गोष्टींची सोळा पानं आली. तोवर साहेबांची नजर आणखी उतरली होती आणि एवढा दाट मजकूर त्यांना तपासता येईना. "आपल्यावर सोडतो," ते म्हणाले. मी लामांचं अक्षर पाहिलं आणि मला त्यांची कीवच आली. माणूस वळणदार लिहिणारा, पण रेघ जागोजागी तुटलेली. दर दोन बोटांवर कलम उचललेलं. थंडीने हात गारठत असतील बिचाऱ्यांचे, असं मी इनासला म्हटलंही. मग मी माझ्या रीतीने आधी पानभर अखंड रेघा ओढल्या आणि लामांची अक्षरं त्यांना सलग टांगत गेलो. सोळाच्या सोळा पानं. दुरुस्तीबद्दल कुणाकडे बोललो नाही. उपकार बोलून दाखवू नयेत, असं मला वाटलं.

पानं छापून झाली, शिळा घासून झाल्या. पुस्तकाच्या प्रती आठ दिवसांनी मुंबईहून आगबोटीने निघायच्या होत्या. पहिली प्रत त्या म्हाताऱ्या लामांना जायची होती.

मधल्या रविवारी मी कल्याणला सासुरवाडीला गेलो होतो. घरून हिंग आणायचा हुकूम होता. बाजारात हेरातकडचा एक हिंगवाला दर हिवाळ्यात बसे, यार महंमद नावाचा. साहेब तक्ते तपासताना मोठ्याने म्हणत, त्यामुळे त्या दिवसांत मोजताना त्यातलेच आकडे माझ्या तोंडात येत. हिंगाचे खडे वेचताना मी पुटपुटलो, "नेगेन, खोयार, गुर्बान, दोर्बेन, ताबुन."

यार महंमदचा तराजू तसाच हवेत राहिला.

"निका, कियार, घुर्बान, दुर्बान, ताबुन," तो हळूच म्हणाला. मग माझं मनगट धरून, "बाबूजी, ये हमारे घर का गिनती है. तुमको किसने दिया?"

साहेबांच्या तक्त्यांत शेवटचा एक रकाना कोरा होता. हेरातच्या डोंगरांत चंगीझखानाच्या फौजेबरोबर गेलेले काही लोक तिथेच राहिले आणि त्यांची मोगोली बोली अजून जिवंत आहे, असं त्यांनी ऐकलेलं होतं; पण तसा माणूस त्यांना उभ्या जन्मात भेटला नव्हता. मी हिंग तिथेच विसरलो आणि यार महंमदला आगगाडीत घालून ठाण्याला घेऊन आलो.

साहेबांनी पडवीत त्याच्यापुढे खुर्ची ओढली आणि बोलायला सुरुवात केली. घोडा? "मोरिन." पाणी? "उसुन." दोघंही तोच शब्द एकदमच म्हणाले आणि एकदमच हसले. साहेब तर टाळ्या पिटत होते. बैकलपासून हेरातपर्यंत मधे केवढे डोंगर आणि वाळवंटं, सहाशे वर्षांत गाठभेट नाही, आणि ठाण्याच्या खाडीवर दोघांचं पाणी एकच निघालं. यार महंमदला मात्र त्यात एवढं काय आहे ते कळेना. "अब्बा बोलते थे," तो म्हणाला. "मेरे बच्चे हँसते हैं इस बोली पे. फारसी बोलते हैं." त्यावर साहेबांनी त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग त्यांना लहर आली. "विष्णुपंत, गोष्टींचे सातवे पान काढा. दुसऱ्या ओळीत तिसरा शब्द 'उसुन' आहे, मला पाठ आहे. हे उच्चार करतील आणि आपण त्या शब्दावर बोट ठेवा. सांगा, तोच आहे ना?"

मी पान काढलं. दुसरी ओळ मिळाली. तिसरा शब्द काही मिळेना. तिसराच काय, पहिलाही मिळेना. माझी सुंदर, अखंड, सुतासारखी रेघ पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती आणि तिच्यात कुठे शब्दच सुटा नव्हता. शेजारी लामांचं मूळ पान होतं. त्यात तिसरा शब्द दोन्ही बाजूंनी मोकळा, स्वच्छ, एकटा उभा होता. लामांचे हात गारठले नव्हते. त्यांनी जिथे शब्द संपला तिथे रेघ संपवली होती.

"उसुन," यार महंमद म्हणाला.

"सापडला?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब," मी म्हणालो. "इथेच आहे."

त्यांचं भिंग आतच राहिलं होतं. त्यांनी चाचपडत माझं बोट शोधलं, ते बाजूला करून तिथे आपलं बोट ठेवलं आणि "उसुन" म्हणाले. मी आयुष्यात थापा बऱ्याच मारल्या असतील, पण त्या थापेची लाज मला आजही वाटते.

घरी मला जेवण जाईना. बायको म्हणाली, "अहो, हिंग विसरलात म्हणून मी काही बोलले का? बिनहिंगाची आमटी एवढी वाईट झाली नाही." मग मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टरांनी साहेबांच्या डोळ्यांना फार तर दोन महिने दिले होते. सोळा पानं पुन्हा लिहून छापायला तेवढे लागणारच. म्हणजे कबूल केलं तर बरोबर पुस्तक त्यांच्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही. गप्प बसलो तर चुकीचं का होईना, पुस्तक हातात घेऊन, त्याच्याकडे बघून ते समाधानाने राहतील. आगबोट सुटेपर्यंत चार दिवस गप्प राहायचा तर प्रश्न होता.

"त्यांना कळणार नाही ना?" तिने विचारलं.

"मुळीच नाही."

"मग ते पुस्तक वाचणार कोण?"

"लामा. आणि तिकडचे लोक."

"त्यांना दिसतं ना?" असं म्हणून ती ताट उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. रेघेचं, आणि कालच्या बोटाचंही.

"म्हणजे माझ्या गुरूंचे अक्षर आपण सुधारलेत?"

"हो."

"ही सुधारलेली पाने आपण त्यांनाच पाठवणार होतो?"

"हो साहेब."

क्षणभर वाटलं, हसणार. पण त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "आपण आता येथून गमन करावे," ते म्हणाले. इतर वेळी मला त्यांच्या मराठीचं हसू आलं असतं. त्या दिवशी मी खोपटावरच्या माझ्या घरापर्यंत कसा पोचलो ते आठवत नाही. छापखान्याच्या मालकांनीही दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला. मी बंगलीवर गेलो तेव्हा कापलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा त्यांनी मेजावर ठेवूनच घेतला होता. "आगबोट जाऊ द्या," ते म्हणाले. "मी पाहीन किंवा न पाहीन. पण या वेळी आपण अक्षरे शिकायची. मला तपासता येणार नाही, तर आपणच तपासायचे."

अशा रीतीने चाळिशी ओलांडलेला मी पुन्हा धुळाक्षरं गिरवायला बसलो. सकाळी साहेब तोंडी शिकवत, दुपारी मी छापखान्यात लिहीत असे. शिकणं सोपं होतं, विसरणं कठीण. हात आपोआप कागदाच्या दुसऱ्या टोकाकडे धावायचा. पहिल्या चार दिवसांत सात कागद फुकट गेले. शेवटी इनास माझ्यासमोर स्टूल टाकून बसला. माझं कलम जरा रेंगाळलं की ओरडायचा, "मास्तर, रेग!" एकदा मी मराठी पावती लिहीत होतो तरी ओरडला. "तुमचा काय भरवसा नाय," म्हणाला.

पहिलं पान साहेबांनी भिंगाखाली धरलं तेव्हा त्यांना शब्दांमधल्या मोकळ्या जागा दिसल्या. चौथ्या पानाच्या वेळी नुसत्या कागदाच्या कडा दिसत होत्या. मी हात चालेल तितक्या वेगाने लिहीत होतो, आंघोळ आणि जेवण सोडलं तर दुसरं काही करत नव्हतो, तरी नवव्या पानाच्या दिवशी त्यांनी भिंग उघडलंच नाही. कागद हातात घेतला, वास घेतला आणि "शाई चांगली आहे," म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मी आठ दिवस आधी कबूल केलं असतं तर, हा हिशेब मी अजूनही करतो, आणि तो कधी जुळत नाही, कारण आठ दिवस आधी मला ठाऊकच नव्हतं.

सोळावं पान छापून झालं त्या दिवशी मी आणि इनास दोघंही बंगलीवर गेलो. इनासने त्यासाठी कोट घातला होता. साहेब पडवीत खाडीकडे तोंड करून बसले होते. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते उघडलं, पानांवरून हात फिरवला. शिळेच्या छपाईत हाताला काही लागत नाही. कागद सपाटच असतो. त्यांनी पुस्तक माझ्याकडे परत दिलं.

"वाचा," ते म्हणाले.

मी उभं पान उभंच धरलं आणि वाचायला लागलो. अर्थ मला फारसा कळत नव्हता. उच्चार तर ठाण्याचेच होते. दर दुसऱ्या शब्दाला साहेब बोट हलवून तो नीट म्हणून दाखवत, मी पुन्हा म्हणे. इनास भिंतीला टेकून चर्चमध्ये बसावं तसा गप्प बसला होता. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर साहेबांनी हात वर केला.

"चुकलं का, साहेब?"

"नाही," ते म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "आपण प्रत्येक शब्द संपला की थांबता. मला त्या जागा दिसत आहेत. वाचा पुढे."

मी चष्मा पुसला आणि पुढचा शब्द वाचला.